दोन मिशांचं निळं फूल

सगुणाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते अकोल्याजवळ, मोर्णा नदीच्या काठी. ती सरकारी पडीत जमिनीवर तुरीच्या वाळक्या काड्या रोवत होती. काड्यांना ना ओळ होती, ना अंतराचा मेळ. ओळीत नसलेली कुठलीच गोष्ट मला सहन होत नाही, म्हणून टट्टू थांबवून मी विचारलं, "बाई, कुंपण घालताय काय?"

"कुंपण असं राह्यते काय?" ती वर न पाहता म्हणाली. "तुमच्या घरी असंन असं कुंपण."

"मग काड्या कशाला?"

"ज्याचं नाव मले मालूम नाई, त्याच्याजवळ काडी. फूल येईवरी त्याले कोनी उपटाचं नाई." मग तिनं माझ्याकडे आणि माझ्या बगलेतल्या चोपडीकडे पाहिलं. "तुमी कारकून दिसता. उतरा खाली. टट्टू पालक खाऊन राह्यलं माहं."

माझं टट्टू खरंच तिचा पालक खात होतं.

मी अमरावतीच्या दवाखान्याच्या कोठीवर कारकून होतो. सातासमुद्रांपलीकडे कुठे लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्याकडे वावर होतं त्यानं धुऱ्या-बांधावरच्या बाभळी तोडून गाडीवाटेपर्यंत कापूस पेरला. पश्चिमेला जाणारी प्रत्येक गाडी कापसाची, आणि परतीच्या गाड्या व्यापाऱ्यांच्या मालानं भरलेल्या. आमच्या औषधांच्या पेट्या वाटेतल्या मुक्कामांवर महिना महिना पडून राहत. इकडे गाडीवान आणि मजूर कुठलंही पाणी पिऊन आवेनं बेजार होऊन दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसत. शेवटी डॉक्टरसाहेबांनी मला हुकूम केला की वऱ्हाडात मिळणाऱ्या औषधी झाडांची यादी कर. मी पाच रकाने आखले: नाव, जागा, ऋतू, उपयोग, आणि वाळवलेली डहाळी. दोन महिन्यांत काम उरकेल असा माझा हिशेब होता.

यादीत सगळ्यात निकडीचं झाड म्हणजे कम्मरकस. ओलाव्यात उगवणारं, हातभर उंचीचं, फिकट निळ्या फुलांचं रानझाड. त्याचं बी भिजवलं की बुळबुळीत होतं, आणि आवेवर ते चांगलं लागू पडतं असं सगळे वैद्य सांगत. पण ओलाव्याच्या जागा होत्या तिथे आता कापूस होता. चांदूर बाजारापासून मूर्तिजापुरापर्यंत मी फिरलो. जो तो म्हणायचा, "होतं ना, बम होतं, जिकडं तिकडं. दोन सालाअगोदर यायचं होतं." आणि मग म्हणायचा, "अकोल्याच्या सगुणामायले विचारा."

सगुणाबाई जातीची माळीण. वय पन्नाशीच्या आसपास, उंच, काळीसावळी, खांदे पुरुषासारखे रुंद. नवरा कधीच वारला होता. मुलगा कापसाच्या गाड्या हाकायला गेला होता तो महिन्यातून एखादा दिवस घरी यायचा. घरात ती आणि सून गंगी. दोघी नदीकाठच्या त्या पट्ट्यावर पालक, मेथी, वांगी आणि शेवंती काढायच्या. पट्टा सरकारी. तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून तो कसत आले होते, पण कागद कोणाजवळच नव्हता. तोवर कोणी विचारलंही नव्हतं.

उजव्या अंगठ्याचं नख ती मुद्दाम वाढवायची. तेच तिचं हत्यार. कोणतंही रोप दिसलं की आधी खोड दोन बोटांत फिरवून ते गोल आहे की चौकोनी ते पाहायचं. मग पान चुरडून वास घ्यायचा. मग फूल नखावर ठेवून, श्वास रोखून, बाभळीच्या काट्यानं उघडायचं. एवढं होईपर्यंत तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालायचं नाही. मी एकदा मध्येच काही विचारलं तर काटा माझ्यापुढे धरून म्हणाली, "कारकून, तुमी लिवत असले का मी तुमच्या हाताले धक्का मारतो काय?"

फुलाशिवाय ती कोणत्याही झाडाचं नाव सांगत नसे. आठवडी बाजारात जडीबुटी विकणाऱ्या एका पंसाऱ्यानं तिला डिवचण्यासाठी वाळक्या पानांची मूठ पुढे केली. "ओळख सगुणामाय, काय हाये हे?"

"मेलेल्याचं नाव त्याच्या घरच्यायले विचारा लागते बाप्पा," ती म्हणाली. "तुह्याच घरचं हाये. तूच सांग."

भोवतालची माणसं हसली आणि पंसाऱ्यानं मूठ परत पोत्यात टाकली. त्या पोत्यातलं मी काही घेणार होतो, ते घेतलं नाही.

तिला सगळं येत होतं असं मात्र नाही. उलट 'मले मालूम नाई' हे वाक्य मी तिच्याइतक्या सहजपणे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आमच्या कचेरीत हे वाक्य म्हणायला माणसं घाबरत. ती ते राम राम म्हणावं तसं म्हणायची. मी विचारलेल्या झाडांपैकी निम्म्यांना तिनं हेच उत्तर दिलं आणि माझे रकाने रिकामे राहिले. आधी मला राग आला. पुढे ध्यानात आलं की उरलेल्या निम्म्यांत एकही चूक निघाली नाही. वैद्यांनी भरून दिलेली पानं मात्र मला तीन वेळा खोडावी लागली.

कापसानं अचानक हात सैल झालेल्या लोकांची ती फार मजा घ्यायची. एक कास्तकार बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढवून तिच्याकडे आला आणि म्हणाला, सगळी शेवंती दे, बैलांना माळा करायच्या आहेत.

"सगळी? अन् देवाले?"

"देवाले काय, दोन फुलं ठेव."

"बरोबर हाये," ती म्हणाली, "वावर काही देव वाहून नाई राह्यला." तिनं सगळी शेवंती मोजून दिली. तो गेल्यावर मात्र टोपलीच्या तळाशी लपवलेली ओंजळभर फुलं काढून गंगीच्या हाती देत म्हणाली, "जाय, मंदिरात देऊन ये. बैल काही नाराज होत नाई."

आता मुख्य गोष्ट.

मी भेटलो त्याच्या आदल्या पावसाळ्यात मोर्णेला मोठा पूर आला होता आणि पट्ट्यावर नवा गाळ बसला होता. थंडी पडली तशी त्या गाळात सुरकुतलेल्या पानांची रोपं दाट उगवली. पूर कुठून बी घेऊन आला होता कोण जाणे. तिनं काड्या रोवल्या होत्या त्या ह्याच रोपांजवळ. मी रोप पाहिलं. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, खरबरीत, जाळीदार. माझ्याजवळच्या टिपणाशी सगळं जुळत होतं. मी आनंदानं म्हणालो, "हेच कम्मरकस!"

"असंन," ती म्हणाली.

"असेल काय? आहेच!"

"मंग मले काहून विचारता? फूल येऊ द्या. माघाच्या शेवटाले येईन."

ह्यानंतर आठच दिवसांत कचेरीचा मोजणीदार साखळी घेऊन आला. कापसाच्या लागवडीसाठी नदीकाठची सगळी सरकारी पडीत जमीन लिलावात निघणार होती. मोजणीदारानं तिच्या काड्या पाहिल्या आणि त्याला वाटलं, बाई खुणा ठोकून जमीन बळकावते आहे. त्यानं हाताला लागतील तेवढ्या काड्या उपटल्या आणि कागदावर लिहिलं की इसम नामे सगुणा माळीण हिनं सरकारी जागेवर हद्दीच्या निशाण्या केल्या आहेत.

मी त्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात होतो. गंगी धावत आली. मी गेलो तेव्हा सगुणाबाई उपटलेल्या काड्या पुन्हा जागच्या जागी रोवत होती आणि मोजणीदार ओरडत होता.

"अहो, हद्द नाही ती," मी त्याला म्हणालो. "ओळखू न आलेल्या रोपांच्या खुणा आहेत."

"रोपाले खुना?" तो म्हणाला. "मी वीस सालापासून साखळी धरून राह्यलो. असं कोनी करते काय?"

"मी करतो ना," सगुणाबाई म्हणाली. "पाहून घे, तुह्या पायाखाली एक हाये. पाय उचल."

त्यानं पाय उचलला खरा, पण कागद बदलला नाही. लिलावाचा दिवस माघी पौर्णिमेच्या आसपासचा ठरला. पट्टा गेला तर दोघी बायकांचं पोट गेलं. गंगीला तेव्हा दिवस गेले होते.

मी डॉक्टरसाहेबांना पत्र लिहिलं. मुद्दे क्रमानं मांडले. उत्तर चार दिवसांत आलं. त्या जागी कम्मरकस खरोखर असेल तर ती जागा दवाखान्यासाठी राखून ठेवण्याबद्दल आपण कचेरीत शब्द टाकू आणि बाईला तिथेच राखणीला ठेवू. झाडाची डहाळी आणि ओळखणाऱ्या बाईचा जबाब लगेच पाठवावा.

पत्र घेऊन मी जवळजवळ पळतच गेलो. वाचून दाखवलं. गंगीनं हात जोडले. सगुणाबाई वांग्यांना पाणी देत होती, ती देत राहिली.

"ऐकलंत ना?" मी म्हणालो. "फक्त हो म्हणा. जबाब मी लिहितो, तुम्ही अंगठा द्या."

"फूल कुठी हाये?"

"फूल येईल तेव्हा येईल! लिलाव आधी आहे!"

"मंग मी काय पाहून सांगू?"

गंगी मध्ये पडली. सासूला ती मामीच म्हणायची. "सांगून टाका ना हो मामी. तेच असंन. नसलं तं कोन येते पाहाले?"

सगुणाबाईनं घागर खाली ठेवली. "गंगे, हे बी लोकायच्या पोटात जाईन. कोनाचं पोरगं आवेनं झुरत असंन, त्याले वाटंन आपल्याले दवा भेटली. अन् ते दुसरंच काही असलं तं? त्या मायले मी काय सांगू, का माहं वांग्याचं वावर वाचलं?"

"जबाब कोण वाचतंय," मी म्हणालो. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो. चोपडी उघडून 'नाव' ह्या रकान्यात 'कम्मरकस' लिहिलंसुद्धा.

"काय लिवलं? वाचा."

मी वाचलं. तिनं पुढे होऊन चिखलाचा अंगठा त्या ओल्या शाईवर दाबला आणि आडवा ओढला. "हा घ्या अंगठा," ती म्हणाली.

ते पान मी फाडलं नाही. माझ्या सगळ्या चोपड्यांत तेवढंच एक घाण पान आहे.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. डॉक्टरसाहेबांना सरळ लिहिलं की बाई फुलाशिवाय सांगत नाही, मुदत मिळवावी. कचेरीनं पंधरा दिवस दिले. त्यापुढे एक दिवसही नाही असं कळवलं. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर अकोल्यास येणार होते, तेव्हा स्वतः पाहतील असं ठरलं.

ते पंधरा दिवस मला जड गेले. मी रोज सकाळी पट्ट्यावर जायचो, रोपांना कळ्या आल्या का ते पाहायचो, चोपडीत तारीख टाकायचो आणि पुढे 'नाही' लिहायचो. सगुणाबाई मला पाहून हसायची. "कारकून, लिवल्यानं फूल येत असतं तं आमी माळीच नसतो राह्यलो." पण हसू वरवरचं होतं. दर वर्षी ह्या दिवसांत ती शेवंतीची रोपं लावायची. त्या वर्षी तिनं वाफे केले आणि तसेच ठेवले. गंगीनं मला सांगितलं, "मामीले रातची झोप नाई. मले सांगत नाईत, पन कूस बदलत राह्यतात."

बाराव्या दिवशी वरच्या बांधाजवळच्या एका रोपावर फूल उमललं. ठसठशीत, सुरेख निळं. मी ओरडलोच. गंगी धावत आली. डॉक्टरसाहेब आदल्या संध्याकाळीच अकोल्यात पोचले होते. त्यांना निरोप गेला आणि ते भिंग घेऊन घोड्यावरून आले. उंच, तांबडे, अबोल गृहस्थ. हिंदुस्थानी मोडकं बोलत.

सगुणाबाईनं फूल नखावर घेतलं. काट्यानं उघडलं. बराच वेळ तिनं मान वर केली नाही.

"काय?" मी विचारलं.

"चार मिशा हायेत," ती म्हणाली. फुलाच्या आतल्या केसरांना ती मिशा म्हणायची. "आपलीले दोनच राह्यतात. हे ते नोये."

मी साहेबांना सांगायला कचरत होतो. तिनंच फूल त्यांच्यापुढे धरलं, चार बोटं दाखवली आणि मान हलवली. साहेबांनी भिंगातून पाहिलं. "चार," तेही म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, तिच्या वाफ्यांकडे पाहिलं, आणि घोड्यावर बसून गेले.

दुसरी एखादी त्या दिवशी कपाळ बडवून बसली असती. सगुणाबाई पाण्याशी गेली, तोंड धुतलं, आणि पट्ट्याच्या अगदी खालच्या अंगाला, जिथे गाळ अजून ओला होता, तिथल्या रोपांपाशी उकिडवी बसली. एकेकाचं पान वाकून पाहू लागली. "हे वरच्यापेक्षा बुटकं हाये," ती स्वतःशी म्हणाली. "याची कळी बी बारीक हाये. कारकून, दोन जातीचे असतीन."

"खरंच?"

"मले मालूम नाई," ती म्हणाली. पण ह्या वेळी ते राम राम म्हणावं तसं म्हटलेलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा दोघी सासूसुना खालच्या अंगाला गुडघ्यांवर होत्या. फूल इतकं बारीक की तांदळाचा दाणा मोठा. निळं म्हणायचं, पण धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं. मला पटेना की ह्याच्यासाठी मी इतकं रान तुडवलं. सगुणाबाईनं ते नखावर घेतलं, काटा फिरवला, श्वास सोडला. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. तिसऱ्यानंतर ती तशीच मागे ओल्या गाळात बसली आणि दोन बोटं वर केली.

गंगी रडायला लागली. सगुणाबाई तिच्यावर ओरडली, "रडतं काहून वं! दोन हायेत, दोन! पोट सांभाय!" आणि स्वतःच पदरानं डोळे पुसू लागली. मी काय केलं ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की त्या दिवशी चोपडीत तारीख टाकायची राहिली.

साहेब आले. भिंग लावून त्यांनी पाच-सहा फुलं पाहिली. मी अदबीनं विचारलं, बाईचा जबाब कचेरीत ग्राह्य धरतील ना? ते म्हणाले, "परसों इसने अपना नुकसान सच बोला. आज फायदा क्यों झूठ बोलेगी?" आणि तिथेच, घोड्याच्या खोगिरावर कागद ठेवून, चिठ्ठी लिहिली.

वरचा अर्धा पट्टा लिलावात गेला. खालचा अर्धा दवाखान्यासाठी राखला गेला, राखणदार सगुणा माळीण. बांधाच्या कडेनं आपल्या वांग्या-मेथीचे वाफे ठेवायलाही तिला मुभा मिळाली. मी तिला म्हणालो, "अर्धंच वाचलं." ती म्हणाली, "अर्धं तं अर्धं. आतावरी तेबी आमचं नोतं, सासऱ्याच्या भरोशावर खाऊन राह्यलो होतो. आता कागद हाये." आणि त्याच दुपारी तिनं शेवंतीची रोपं लावायला घेतली. उशीर झाला होता, तरी लावली.

पुढे लढाई संपली आणि कापसाचा भाव उतरला. शिंगांवरची चांदीची टोपणं उतरली. अकोल्याला आगगाडी आली. माझी बदली होणार असं कळलं तेव्हा फाल्गुनात मी बी घ्यायला म्हणून शेवटचा पट्ट्यावर गेलो. सकाळ ढगाळ होती. सगुणाबाई खालच्या अंगाला बसली होती. खांदे तसेच रुंद, पण डोळे मंदावले होते. फूल तिनं नखावर घेतलं, जवळ नेलं, लांब धरलं, आणि मग मुकाट्यानं सुनेच्या हातावर ठेवलं. गंगीचा मुलगा शेजारी गाळात खेळत होता.

"किती हायेत वं?" तिनं विचारलं.

गंगीनं काट्यानं फूल उघडलं. वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मला टट्टूवर चढायची घाई होती. मी म्हणालो, "दोनच असतील, दर साली असतात."

"थांबा कारकूनबाबा," गंगी वर न पाहता म्हणाली. "ऊन पडू द्या. नीट दिसून नाई राह्यलं."

सगुणाबाईनं पाय पाण्यात सोडले, हात मांडीवर ठेवले आणि आभाळाकडे तोंड केलं. मला मुक्काम गाठायचा होता, मी निघालो. बांधावरून वळून पाहिलं तेव्हा दोघी तशाच, ढग सरकण्याची वाट पाहत बसल्या होत्या.